कृत्रिम पेशीपटल, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाची प्रयोगशाळेतली नक्कल, काचेवर पसरलं तर चालत नाही का? खाली नॅनोछिद्रांचा आधार कशाला?

चालतं, पण अर्धंच. काच आणि पटल यांच्यात पाण्याची जेमतेम १-२ नॅनोमीटरची फट राहते. पटलात बसवलेल्या प्रथिनाचं खालचं टोक त्याहून लांब असलं की ते काचेला चिकटतं, जागचं हलत नाही. आणि वाहिनीतून, म्हणजे प्रथिनातल्या आरपार वाटेतून, आयन (विद्युतभार असलेले कण) पलीकडे जाणार कुठे? खाली जागाच नाही.

मग पटल अधांतरी ठेवायचं? म्युलर, रुडिन या शास्त्रज्ञ मंडळींनी १९६२ मध्ये ते करून दाखवलं. एमएस्सीला लातूरला असताना मीही टेफ्लॉनच्या भोकावर बारीक ब्रशने लिपिड (पटल ज्याचं बनतं ते मेदद्रव्य) फिरवायचो. आधी साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसतात, मग काळं पडत जातं. काळं झालं की समजायचं, दोन रेणूंचा, ५ नॅनोमीटरच्या आसपासचा थर उरला. तेवढ्यात रस्त्यावरून गाणी वाजवत उसाचा ट्रॅक्टर गेला की संपलं! पुन्हा पहिल्यापासून.

सच्छिद्र आधार ही मधली वाट. बाजेवर गोधडी टाकल्यासारखं: सुतळी भार तोलते, खालून हवाही लागते. ॲल्युमिनियम आम्लात बुडवून त्यातून वीज सोडली की वरच्या ऑक्साइडमध्ये सरळ, एकसारखी छिद्रं पडतात, साधारण २० ते २०० नॅनोमीटरची. भोक लहान तितकं पटल टिकाऊ. तासांऐवजी काही दिवसही राहतं. वर-खाली दोन्हीकडे पाणी, त्यामुळे वाहिनीतला प्रवाह मोजता येतो. फक्त पटलाने काठाला धरून राहावं म्हणून बऱ्याचदा सोन्याचा मुलामा देऊन त्यावर थायॉलचे (सोन्याला घट्ट चिकटणारे, गंधकयुक्त) रेणू बांधतात. वाचायला सोपं आहे, करताना घाम फुटतो.