पीसीओएस आणि वजन : सुरुवातीला एवढंच कर

अगं, "कमी खाते तरी काटा हलत नाही" हे रडगाणं मीही वर्षभर गायलंय. यात तुझा आळस नाही. पीसीओएस म्हणजे पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा गोंधळ. त्यात बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आवरणाऱ्या हार्मोनला, नीट दाद देत नाही. मग इन्सुलिन वाढतं आणि चरबी पोटावर साठते.

ध्येय लहान ठेव. ८० किलो असशील तर ४ किलो, म्हणजे ५ टक्के, उतरले तरी पाळी मार्गी लागायला मदत होते. लग्नाआधीचा ड्रेस तूर्त कपाटातच राहू दे.

पहिले तीन महिने:
- प्रत्येक जेवणात प्रथिनं आणि भाज्या भरपूर.
- आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, दोन दिवस वजनं उचलणं. दंड फुगत नाहीत, घाबरू नकोस.
- झोप पुरेशी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उपाशी राहणं. मी दुपारपर्यंत नुसत्या कॉफीवर काढायचे आणि रात्री अकराला ओट्याशी उभ्या उभ्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवायचे. दुसरी चूक, रोज काट्यावर चढणं. पाळीआधी अंगात पाणी साठतं, आकडा उगाच वाढतो. आठवड्यातून एकदाच बघ, कंबरही टेपने मोज.

मेटफॉर्मिन, इनोसिटॉल वगैरे औषधं-पूरकं आत्ता डोक्यात घेऊ नकोस, ते डॉक्टर ठरवतील. थायरॉईड मात्र तपासून घे. आणि तीन महिने पाळी आलीच नाही तर वजन उतरायची वाट न बघता दवाखाना गाठ.