कागद कापून किड्याचं काळं-पांढरं चित्र करायचंय ना, मग पहिला किडा फुलपाखरूच घे भावा

रंकाळ्यावरचा चतुर लई भारी दिसतो खरं, पण त्याच्या पंखांच्या शिरा कापताना नवीन माणूस हमखास वैतागतो, म्हणून आधी फुलपाखरू. पांढऱ्या कागदावर काळा कार्डपेपर ठेव, त्याच्या कडेला अर्धंच फुलपाखरू काढ, धड कडेवर न् पंख आत, मग कापलेला तुकडा आरशातल्यासारखा कडेबाहेर उलटव. आत पांढरा पंख, बाहेर काळा, झालं!

चुकतात सगळे इथं:
- पंखातले ठिपके कापून टाकून देतात. अरे, तेच पांढऱ्या पंखात परत चिकटवायचे असतात, सगळी मजा त्यातच आहे
- मांडून न बघता फेविकॉल लावतात
- मिशा केसासारख्या कापतात, फाटतात

एका बाजूला पाय तीनच हं, चार केलास तर कोळी होतोय. झालं की फोटो टाक, बघतो मी.