नाताळची लायटिंग घराबाहेर लावायची आहे. शॉकही लागू नये आणि माळा चोरीलाही जाऊ नयेत, यासाठी काय करावं?

घर टिनाचं, समोर काटेरी तारेचं कुंपण, आणि मागच्या नाताळात फाटकावरची माळ कोणीतरी कापून नेली, असं तुम्ही लिहिलंय. मी लग्नाच्या मांडवांची आणि सणासुदीची लायटिंग करतो, तेव्हा कामातलं सांगतो.

आधी माळ बदला. आठवडी बाजारातली स्वस्त सिरीज थेट २३० व्होल्टवर चालते. दिवा इवलासा दिसतो, पण सोललेल्या तारेला हात लागला तर झटका अख्ख्या लाइनचा बसतो. बाहेर लावायला अडॅप्टरवर चालणारी १२ किंवा २४ व्होल्टची एलईडी माळ घ्या. खोक्यावर आयपी ६५, निदान आयपी ४४ (धूळ-पाणी किती अडतं त्याचा दर्जा) लिहिलेलं असावं, आणि अडॅप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, नोंदणी क्रमांक बघून घ्या. अडॅप्टर घरात, खिडकीच्या आत ठेवायचा. बाहेर फक्त माळेची तार जाईल. यात चोरीचाही अर्धा बंदोबस्त होतो. अडॅप्टरशिवाय नेलेली माळ पेटत नाही, आणि कोणी पकडीने तार कापलीच तर त्याचा जीव जात नाही. मात्र तार फार लांब नेऊ नका, टोकाचे दिवे मंद पडतात.

टिनावर माळ नुसती टाकू नका. वाऱ्याने घासून तार सोलली आणि माळ २३० व्होल्टची असली तर सगळं छप्पर जिवंत होतं. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे दव पडतं, कधी अवकाळी पाऊसही येतो. म्हणून जोड कमीत कमी ठेवा आणि जिथे असेल तिथे तो झाकणाच्या प्लास्टिक डबीत घ्या. नुसती काळी टेप पाणी अडवत नाही. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारं स्विच, नसेल तर वायरमनकडून बसवून घ्या आणि तिचं टेस्ट बटण दाबून बघा. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ती जास्त लोड किंवा शॉर्टसर्किट झालं की पडते, शॉकपासून वाचवायला नसतेच. अर्थिंगही त्याच वेळी तपासून घ्या.

आता कुंपणाचं. तिथे माळ बांधू नका. आणि चोराला अद्दल घडावी म्हणून कोणी तारेत करंट सोडायला सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. रानडुकरांसाठी वावराच्या कुंपणात सोडलेल्या करंटने आपल्या विदर्भात माणसं गेली, गुरं गेली, वाघही गेले. दोनचारशे रुपयांच्या माळेसाठी कोणाचं लेकरू जायला नको. आकडा टाकून लाइन घेणंही तितकंच वाईट. त्यात ना फ्यूज असतो, ना आरसीसीबी, आणि वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली गुन्हा होतो तो वेगळाच.

चोरी रोखायला उंचीच कामाची. माळ फाटकावरून काढून छपराच्या कडेला, हात पुरणार नाही अशी न्या आणि हातहात अंतरावर केबल टाय मारा. घाईत असलेला माणूस एवढे टाय कापत बसत नाही. नाताळची कागदी चांदणी बाहेरच्या बांबूवर न लावता ओसरीच्या आत टांगा, रस्त्यावरून तशीही दिसते. तिच्यात एलईडी बल्बच घाला, जुना पिवळा बल्ब कागद तापवतो. शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगून ठेवा, माळेचं बिल जपून ठेवा.

झोपताना लाइट बंद करा. उतरवताना आधी प्लग काढा, माळ सावलीत वाळवा आणि मगच गुंडाळून ठेवा.