रोज आत्मचिंतन केल्याने नेतृत्वगुण खरंच वाढतात का? नुकतीच टीम लीड झाले आहे, सुरुवात कशी करू आणि किती वेळ द्यावा?

वाढतात. पण बहुतेक वरिष्ठ ज्याला आत्मचिंतन म्हणतात, त्याने नाही.

माझ्या एका जुन्या साहेबांना आत्मचिंतनाचा भारी सोस होता. एक मोठं काम आमच्या हातून गेलं. आधी तारीख उलटली, मग ग्राहक उलटला. साहेबांनी सगळ्यांना एका खोलीत बसवलं, मोबाईल बाहेर ठेवायला लावले आणि फर्मावलं, की प्रत्येकाने उभं राहून स्वतःची एक चूक सांगायची. टेस्टिंगची एक नवखी मुलगी चाचरत म्हणाली, "मी वेळेत सांगायला हवं होतं." मी चाटच पडलो. तिने वेळेतच सांगितलं होतं, तेही सगळ्यांसमोर, आणि साहेबांनीच तिला "निगेटिव्ह बोलू नकोस" म्हणून गप्प केलं होतं.

साहेबांचा नंबर सगळ्यात शेवटी. "माझी चूक एवढीच, की मी तुमच्यावर जरा जास्तच विश्वास टाकला." आणि वर, "ही तारीख जमणार नाही असं मला पहिल्यापासून वाटत होतं."

मला मीटिंगमध्ये लिहून घ्यायची सवय आहे. मी वही उघडली आणि वाचून दाखवलं: तारीख कुणी ठरवली, हरकत कुणी घेतली, त्यावर साहेब काय म्हणाले. खोलीत चिडीचूप. नंतर केबिनमध्ये बोलावून मला ऐकवण्यात आलं, "तुम्ही हिशेब मांडताय. आत्मचिंतन आतून यावं लागतं." यावरून आमचं जे वाजलं, ते मी नोकरी सोडेपर्यंत वाजतच राहिलं.

माझं मत आजही तेच आहे. आतून जे येतं ते बहुतेक वेळा स्वतःचं वकीलपत्र असतं. गंमत म्हणजे साहेब मुद्दाम खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगातून दाखवलं, की एखाद्या घटनेचा शेवट कळला की तो आधीपासूनच दिसत होता असं माणसाला वाटायला लागतं, आणि आपलं मत बदललंय याचा त्याला पत्ताही नसतो. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना घरच्या कामांतला आपापला वाटा विचारला, तर बऱ्याच जोडप्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज पूर्ण कामाच्या वर गेली. घरात ही तऱ्हा, तर ज्याच्या हाताखाली दहा माणसं आहेत त्याचं काय होत असेल? डोळे मिटून बसल्याने हे सुटत नाही, कारण डोळे मिटल्यावर दिसतं ते हेच.

म्हणून निर्णय घेतानाच लिहा. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर सांगत, की महत्त्वाचा निर्णय घेताना काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवा आणि नऊ ते बारा महिन्यांनी ताडून पाहा. टीम लीडला एवढं थांबायची गरज नाही, महिन्याभरातही पुरेसं कळतं. मी तीन ओळी लिहितो: काय ठरवलं, काय होईल असं वाटतं, आणि विरोधात कोण होतं व का. तिसरी ओळ गाळायचा मोह होतो. ती गाळली तर बाकीच्या दोन लिहून काही उपयोग नाही.

टीमसोबत बसायचं असेल तर अमेरिकी लष्कराने १९७० च्या दशकात बसवलेली पद्धत चांगली आहे. काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. 'कुणी केलं' हा प्रश्न त्यात नाही. आणि आधी तुम्ही बोलायचं, साहेबांसारखं शेवटी नाही.

किती वेळ द्यावा, हा प्रश्न मला गौण वाटतो. दहा मिनिटं बसा.

हो, एक सांगायचं राहिलं. झाल्या गोष्टीवरून स्वतःला कोसत बसायची सवय असेल, तर हे जपून करा. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांचं संशोधन सांगतं, की असं उगाळत बसल्याने नैराश्य बळावतं. 'मी अशीच का' हे वहीत लिहूच नका, घडलं तेवढं लिहा. शिवाय नोकरीची गरज असेल तर वरिष्ठांसमोर चारचौघांत वही उघडू नका. मी उघडली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा उघडेन, पण तो माझा स्वभाव झाला.

तुमची स्वतःची वही मात्र उघडी ठेवा. टीममध्ये ज्याचं तुमच्याशी सगळ्यात कमी पटतं, त्याला ती तिसरी ओळ वाचायला द्या. आपली हरकत तुम्ही नीट उतरवली आहे की सोयीने बोथट केली आहे, हे तो लगेच सांगेल.