वाचकांचे प्रश्न : ‘सात प्लस’ लिहिले आहे, म्हणून नातवाला गेम खेळू द्यावा का?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका गावात राहते. मुलगा आणि सून पुण्याला नोकरी करतात, त्यामुळे पहिलीत शिकणारा साडेसहा वर्षांचा नातू सुट्टीत माझ्याकडे असतो. त्याचा चुलतभाऊ आठवीत आहे. त्याच्या मोबाइलवर ‘माइनक्राफ्ट’ पाहून धाकट्याने तो गेम माझ्या फोनवर हवा म्हणून हट्ट धरला आहे. मोठा म्हणतो, “आजी, त्यावर सात प्लस लिहिलंय, काही होत नाही.” पण हाच मोठा बंदुकांचा ‘बीजीएमआय’ही खेळतो आणि धाकटा त्याच्या खांद्यावरून डोकावून बघत असतो. सून म्हणते, “आई, तुम्हीच बघून ठरवा.” मला या खेळांतले काही कळत नाही. मी ठरवायचे तरी कसे?

उत्तर : सूनबाईंनी हा निर्णय आपल्यावर सोपवला, हे योग्यच झाले असे मला वाटते. गेम मुलासाठी ठीक आहे की नाही हे ठरवताना गेमची माहिती लागते, तशी त्या मुलाचीही लागते. तो कशाला घाबरतो, हरल्यावर किती वेळ धुसफुसतो, हातातली वस्तू सांगितल्यावर खाली ठेवतो की ओढून घ्यावी लागते, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. गेमची माहिती एका दुपारात मिळवता येते.

आधी त्या ‘सात प्लस’विषयी. आपल्याकडे चित्रपटांना प्रमाणपत्र देणारे मंडळ आहे आणि २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्रावर ७+, १३+, १६+ असे वयोगटही येऊ लागले आहेत. व्हिडिओ गेमसाठी आपल्या देशात असे मंडळ नाही. प्ले स्टोअरवर दिसणारा आकडा ‘आयएआरसी’ या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून येतो. गेम तयार करणारी कंपनी एक प्रश्नावली भरते (मारामारी आहे का, रक्त दिसते का, शिव्या आहेत का, जुगार आहे का, खेळाडू एकमेकांशी बोलू शकतात का) आणि त्या उत्तरांवरून आकडा ठरतो. पुढे तक्रार किंवा तपासणी झाली, तर तो बदलताही येतो. या व्यवस्थेचा उपयोग आहे, पण कोणी जाणत्या माणसाने गेम पूर्ण खेळून मग शिक्का मारला असेल, अशी आपली समजूत असल्यास ती सोडून द्यावी. माइनक्राफ्टचेच पाहा. युरोपातील ‘पेगी’ ही संस्था त्याला ७ वर्षांपुढील मुलांसाठी योग्य म्हणते, तर अमेरिकेतील ‘ईएसआरबी’ १० वर्षांपुढील. गेम तोच, पण दोन ठिकाणच्या जाणकारांनी सांगितलेल्या वयात तीन वर्षांचा फरक पडला. शिवाय हा आकडा गेममध्ये काय दिसते एवढेच सांगतो. गेम किती अवघड आहे, तो मुलाला किती वेळ धरून ठेवतो, मध्येच थांबवता येतो का, याचा अंदाज त्यातून येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की, कोणताही गेम मुलाच्या हाती देण्यापूर्वी मोठ्या माणसाने तो निदान अर्धा तास स्वतः खेळावा. नीट खेळता आला नाही तरी चालेल, आपल्याला जिंकायचे नाही. नातू झोपलेला असताना थोरल्या नातवाला शेजारी बसवावे, इंटरनेट चालू ठेवावे आणि समोर जे जे येते ते शांतपणे पाहावे.

फुकट मिळणाऱ्या गेममध्ये पहिल्या पाच मिनिटांतच जाहिराती सुरू होतात. गेम चिमुकल्यांचा, फुगे फोडण्याचा असला, तरी मध्ये येणारी जाहिरात बंदुकांच्या गेमची किंवा पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या अ‍ॅपचीही असू शकते. (पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली आहे, तरीही डोळे उघडे ठेवावेत.) जाहिरात बंद करण्याची फुली कोपऱ्यात इतकी बारीक असते की लहान बोट हमखास बाजूला पडते आणि दुसरेच काहीतरी उघडते. यावर एक साधी परीक्षा आहे : फोन विमान मोडवर टाकून गेम चालतो का ते पाहावे. चालत असेल, तर लहान मुलाला तो त्याच अवस्थेत द्यावा. इंटरनेट नसले की नव्या जाहिराती, अनोळखी माणसे आणि खरेदी हे तिन्ही प्रश्न बहुतांशी मिटतात.

यानंतर पैशाचा विचार करावा. आपल्या घरांपुरती एक गोष्ट येथे महत्त्वाची आहे. मराठी माध्यमातल्या पहिलीच्या मुलाला पडद्यावरचे इंग्रजी वाचता येत नाही, तो रंग पाहून दाबतो. ‘विकत घ्या’ हे बटण बहुधा मोठे, हिरवे आणि चमचमते असते, तर ‘नको’ हे शब्द करड्या रंगात, बारीक अक्षरांत खाली असतात. काही गेममध्ये पैसे देऊन बंद पेटी घेता येते आणि आत काय निघेल हे उघडेपर्यंत कळत नाही. जत्रेतल्या सोडतीचाच हा प्रकार. बेल्जियममध्ये २०१८ साली अशा पेट्या जुगारात मोडतात असा निर्णय झाला, आणि २०२० पासून पेगी व ईएसआरबी या दोन्ही संस्था गेममध्ये अशी खरेदी असल्याची सूचना वेगळी देऊ लागल्या. साडेसहा वर्षांच्या मुलाच्या गेममध्ये अशी पेटी नसावी, याबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही. तसेच प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असे करून घ्यावे. तेथेच पालकांसाठीच्या नियंत्रणात पिन घालून ‘सात प्लस’पेक्षा मोठा आकडा असलेले गेम डाउनलोडच होणार नाहीत, अशी सोय करता येते. पिन सूनबाईंनी घालावा, थोरल्या नातवाने नव्हे.

आता प्रत्यक्ष माइनक्राफ्टकडे वळू. हा गेम २०११ साली पूर्ण स्वरूपात आला. सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे असते. माती खणावी, झाडे तोडावीत, दगड रचून घर बांधावे, मेंढ्या पाळाव्यात, असे त्याचे स्वरूप. फोनवर तो विकत घ्यावा लागतो, त्यामुळे बाहेरच्या जाहिराती येत नाहीत. मात्र गेमच्या आत एक दुकान आहे आणि तेथील नाणी खऱ्या पैशांनी मिळतात, म्हणून वर सांगितलेला पासवर्ड येथेही हवाच.

माझ्या शेजारच्या सात वर्षांच्या मुलीला हा गेम खेळताना मी जवळ बसून पाहिले आहे. तिने लाकडाचे छोटे घर बांधले होते, कुंपण घालून त्यात दोन मेंढ्या ठेवल्या होत्या आणि त्यांना नावेही दिली होती. गेममध्ये रात्र झाली. कुंपणापाशी एक हिरवा, हात नसलेला प्राणी आला (त्याला क्रीपर म्हणतात), फुसफुसला आणि स्फोट झाला. रक्त नाही, किंकाळी नाही. पण जमिनीत खड्डा पडला आणि मेंढ्या नाहीशा झाल्या. ती दहा मिनिटे रडत होती. मारामारीला ती घाबरली नव्हती, आपण सांभाळलेले काहीतरी गेले याचे तिला दुःख झाले होते. आकडा ठरवणाऱ्या कोणत्याही प्रश्नावलीत हा प्रश्न नसतो. तिच्या आईने त्या संध्याकाळी गेमची काठिण्यपातळी सर्वांत सौम्य केली. तसे केल्यावर हल्ला करणारे प्राणी येतच नाहीत. ‘क्रिएटिव्ह’ प्रकार निवडला, तर ठोकळेही हवे तितके मिळतात. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा कुंपण घातले.

आपल्या नातवासाठी माझे मत होकाराचे आहे, पण याच रचनेत : क्रिएटिव्ह प्रकार, सर्वांत सौम्य पातळी आणि नवे जग तयार करतानाच इतर खेळाडूंना प्रवेश देणारा पर्याय बंद. त्याला कोणाबरोबर खेळायचे असेल, तर थोरल्याने शेजारी बसावे आणि एकाच फोनवर आळीपाळीने खेळावे. पहिले काही दिवस आपणही सोबत बसावे आणि त्याने काय बांधले ते त्याच्या तोंडून ऐकावे. ‘ही विहीर इथे का?’ एवढे विचारले, तरी तो पाच मिनिटे बोलेल.

वेळेच्या बाबतीत भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या ‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स’ या संघटनेने ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांपेक्षा कमी पडदा असा सल्ला दिला आहे, आणि त्यात टीव्ही, कार्टून, मोबाइल असे सगळेच मोजायचे आहे. सुट्टीत घरात टीव्ही चालू असतोच, हे लक्षात घेता गेमसाठी अर्धा तास पुरे. माइनक्राफ्टमध्ये एक दिवस आणि एक रात्र मिळून २० मिनिटे होतात. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, पण ‘दुसऱ्या दिवशीचा सूर्य मावळला की फोन आजीकडे’ हे बरोबर कळते. हा गेम कधीही थांबवता येतो आणि केलेले काम जसेच्या तसे राहते, त्यामुळे ‘आता मध्येच कसा सोडू’ ही सबब येथे चालत नाही.

थोरल्याच्या बीजीएमआयची मला अधिक काळजी वाटते. त्यात शंभर खेळाडू एकमेकांना मारत शेवटपर्यंत टिकण्यासाठी झुंजतात. रक्ताचा रंग लाल नसून हिरवा ठेवलेला असला, तरी मुलाला कळायचे ते कळते. १८ वर्षांखालील खेळाडूने पालकांची संमती घ्यावी आणि दिवसाला तीन तासांपेक्षा अधिक खेळू नये, अशी त्या गेमचीच अट आहे. मोठ्याच्या आईवडिलांनी ती संमती जाणीवपूर्वक दिली आहे का, हे आपण घरातल्या वडीलधाऱ्या म्हणून अवश्य विचारावे. धाकट्यासाठी मात्र बघणे आणि खेळणे यांत फारसा फरक नाही. किंबहुना बघणाऱ्याच्या हातात बटण नसते, त्यामुळे जे दिसते ते त्याला नुसते सोसावे लागते. त्यातच स्पीकर चालू असेल, तर अनोळखी सोबत्यांची शिवीगाळ साऱ्या खोलीला ऐकू जाते. थोरल्याने हा गेम धाकटा खोलीत नसतानाच खेळावा, एवढा नियम घरात करावा. त्याला तो दरडावून सांगू नये; धाकट्याची जबाबदारी म्हणून सोपवावा. आठवीतल्या मुलाला हे जड जात नाही. हेच यूट्यूबलाही लागू आहे. माइनक्राफ्ट सौम्य असला, तरी त्यावर लोकांनी केलेले सगळे व्हिडिओ सौम्य नसतात, आणि गेम मिळाला की मुले लगेच व्हिडिओ शोधू लागतात.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. वर्गातल्या सगळ्या मुली ‘रोब्लॉक्स’ खेळतात असे ती सांगते. हा गेम चांगला की वाईट? – एक वडील, फोंडा, गोवा

उत्तर : रोब्लॉक्स हा एक गेम नाही, त्यामुळे त्याला चांगला किंवा वाईट असे एकच उत्तर देता येत नाही. तो लोकांनी तयार केलेल्या असंख्य गेमचा बाजार आहे. एकात पाळीव प्राणी सांभाळायचे असतात, दुसऱ्यात भूत मागे लागते. म्हणून ती आत जाऊन नेमके काय खेळते, हे नावानिशी विचारावे आणि त्या प्रत्येक गेमच्या पानावर दिलेला प्रौढत्वाचा दर्जा (आतला मजकूर किती सौम्य किंवा तीव्र आहे हे सांगणारी खूण) पाहावा.

खाते उघडताना जन्मतारीख खरी टाकावी, हे मी मुद्दाम सांगतो. मुले मोठ्या भावंडाच्या सांगण्यावरून १८ वर्षांची होऊन बसतात आणि लहान मुलांसाठी कंपनीने लावलेली काही बंधने त्यामुळे गळून पडू शकतात. खरे वय टाकून तिचे खाते आपल्या पालक-खात्याशी जोडले की गप्पा, खर्च आणि वेळ यांच्या मर्यादा आपल्या फोनवरून ठरवता येतात. नऊ वर्षांच्या मुलीसाठी अनोळखी लोकांशी गप्पा पूर्ण बंद असाव्यात. शाळेतल्या मैत्रिणींशी बोलायला तिला शाळा आहे आणि घरचा फोन आहे.

एका रविवारी तिच्याबरोबर बसून तिची मित्रयादी उघडावी आणि प्रत्येक नाव कोणाचे आहे ते तिला सांगायला लावावे. ज्या नावामागचा वर्गातला, वाड्यावरचा किंवा नात्यातला चेहरा तिला सांगता येणार नाही, ते नाव तिच्यादेखत, कारण समजावून, तेव्हाच काढून टाकावे.