वाचकांचे प्रश्न : विमानतळावरील वाहने आणि छोटी विमाने

प्रश्न : माझा मुलगा मोपा येथील विमानतळावर सामानाचा ट्रॅक्टर चालवण्याच्या कामावर लागला आहे. रस्त्यावर त्याचा हात चांगला बसलेला आहे, तरी आतल्या प्रशिक्षणात छोट्या विमानांविषयी त्याला वारंवार बजावले जाते. मोठ्या विमानापेक्षा छोट्या विमानाशी टक्कर होण्याचा धोका अधिक का असावा, आणि ती टाळण्याची व्यवस्था कशी असते? – एक वाचक, पेडणे

उत्तर : विमानतळाच्या आत वाहन चालवण्यासाठी नेहमीच्या परवान्याखेरीज स्वतंत्र परवाना लागतो आणि तो प्रशिक्षण व परीक्षेनंतरच मिळतो. याचे एक कारण असे की रस्त्यावर मुरलेल्या सवयी तेथे उपयोगी पडत नाहीत, उलट कित्येकदा घातक ठरतात. गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलेले दोन चालक एकमेकांकडे पाहून कोणी थांबायचे ते ठरवतात; प्रसंगी एक जण गाडी मागे घेतो. विमानाच्या बाबतीत हा समजूतदारपणा चालत नाही. सेस्नासारखे एका इंजिनाचे विमान स्वतःच्या बळावर मागे येऊ शकत नाही, आणि ते वळले तर त्याच्या पंखांची टोकेही वळतात, हे चालकाच्या चटकन लक्षात येत नाही.

खरी फसगत होते ती पंखांमुळे. चालकाची नजर विमानाच्या धडावर जाते आणि धड लहान दिसले की भोवतालची जागाही मोकळी वाटते. प्रत्यक्षात चार जणांच्या सेस्ना 172 चे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे 11 मीटर, नौदल वापरत असलेल्या डॉर्नियर 228 चे सुमारे 17 मीटर, तर गोव्याहून जवळच्या शहरांना जाणाऱ्या एटीआर 72 चे सुमारे 27 मीटर असतात. काही छोट्या विमानांचे पंख धडाच्या खालच्या बाजूस असल्याने ते गाडीच्या बॉनेटच्या उंचीवरून सरकत येतात. पंख वर असलेल्या विमानाखालून ट्रॅक्टर कदाचित निघेलही, पण उंच टपाची गाडी अडकेल. इंजिनाचा फिरता पंखा (प्रोपेलर) तर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. म्हणून विमानावरचा लाल दिवा लुकलुकत असेल तर इंजिन चालू आहे किंवा लवकरच चालू होणार आहे असे धरून चालायचे आणि तो बंद होईपर्यंत, चाकांना ठोकळे लागेपर्यंत जवळ जायचे नाही. घाईच्या वेळी सर्वांत आधी मोडला जातो तो हाच नियम, असे माझे मत आहे.

एप्रनवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या फरशीवर, वाहनांसाठी पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेले रस्ते असतात आणि विमानांसाठी पिवळ्या मार्गरेषा. चालत असलेल्या, चालू लागण्याच्या बेतात असलेल्या किंवा ओढून नेल्या जात असलेल्या प्रत्येक विमानाला वाहनाने वाट द्यायची असते, मग ते विमान दोन आसनांचे का असेना. छोटे विमान पाहून 'तो थांबेल' असे गृहीत धरण्याचा मोह होतो, आणि आपल्या मुलाला बजावले जाते ते याचसाठी.

एप्रनच्या पलीकडे टॅक्सीवे, म्हणजे विमाने एप्रन व धावपट्टी यांच्यामध्ये ये-जा करतात तो मार्ग, आणि धावपट्टी येते. तेथे कंट्रोल टॉवरच्या परवानगीशिवाय चाकही फिरवायचे नसते. धावपट्टीच्या तोंडाशी चार पिवळ्या रेषा आडव्या ओढलेल्या असतात, त्यांपैकी दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेषांच्या बाजूने येणाऱ्याने परवानगी मिळेपर्यंत तेथेच थांबायचे असते. परवानगी रेडिओवर मिळाली की चालकाने ती आपल्या वाहनाच्या सांकेतिक नावासह शब्दशः परत म्हणून दाखवायची असते. नुसते 'ठीक आहे' म्हटल्याने भागत नाही, कारण चालकाने नेमके काय ऐकले ते टॉवरला त्यातून कळत नाही.

प्रश्न : 2020 साली पुण्यात उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवर जीप आल्याचे वाचले होते. एवढी शिस्त असताना असे कसे घडते? दाबोळीतही नागरी आणि नौदलाची विमाने एकच धावपट्टी वापरतात, म्हणून विचारतो. – एक वाचक, वास्को

उत्तर : पुण्याची धावपट्टी हवाई दलाची आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये तेथून निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या वैमानिकांना वेग घेत असताना पुढे जीप आणि एक माणूस दिसला. त्यांनी विमान वेळेआधीच उचलले, त्यात शेपटीचा भाग जमिनीला घासला, आणि विमान दिल्लीला सुखरूप उतरले. दाबोळीचे विमानतळही नौदलाच्या आयएनएस हंसा या तळावर असून तेथील हवाई नियंत्रण नौदलाकडे आहे. जेथे एकाच धावपट्टीवर दोन वेगवेगळ्या यंत्रणांची वाहने येऊ शकतात, तेथे कोणत्या वाहनाला कोणी आणि कोठपर्यंत सोडले, याची नोंद एकाच ठिकाणी असणे अत्यावश्यक ठरते.

मात्र अशा घटनांचे मूळ बहुधा बेफिकिरीत नसून गैरसमजात सापडते. नोव्हेंबर 2022 मध्ये पेरूमधील लिमा येथे सरावासाठी निघालेली अग्निशमन गाडी उड्डाण घेणाऱ्या विमानासमोर धावपट्टीवर आली आणि तिच्यातील जवान प्राणास मुकले. धावपट्टीवर जाण्याची परवानगी आहे, अशी त्यांची समजूत होती. ऑक्टोबर 2001 मध्ये इटलीतील मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक छोटे सेस्ना जेट चुकीच्या टॅक्सीवेने थेट धावपट्टीवर गेले, उड्डाण घेणारे प्रवासी विमान त्यावर आदळले, आणि 118 जणांचा मृत्यू झाला. तेथे जमिनीवरच्या हालचाली दाखवणारे रडार त्या वेळी चालू नव्हते, खुणा अपुऱ्या होत्या, आणि वैमानिकाने रेडिओवर सांगितलेली जागा नियंत्रकाच्या कल्पनेतल्या जागेशी जुळत नव्हती. आपण नेमके कोठे आहोत याविषयी दोन माणसांच्या मनात दोन वेगळी चित्रे असणे, हाच मला या सगळ्यातला मुख्य धोका वाटतो.

प्रश्न : मुसळधार पावसात रेषा दिसेनाशा झाल्या किंवा रेडिओ बंद पडला, तर चालकाने काय करायचे? – एक वाचक, साखळी

उत्तर : रेडिओ बंद पडल्यास टॉवरवरून प्रकाशाने इशारे दिले जातात. हिरवा लुकलुकता प्रकाश म्हणजे ओलांडण्यास परवानगी, स्थिर लाल म्हणजे थांबा, लाल लुकलुकता म्हणजे धावपट्टी किंवा टॅक्सीवेवरून बाजूला व्हा आणि विमानांवर नजर ठेवा, आणि पांढरा लुकलुकता म्हणजे तो परिसर सोडा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओल्या डांबरावर दिव्यांचे प्रतिबिंब पडून पिवळ्या रेषा रात्री पुसल्यासारख्या दिसतात, तेव्हा वाट चुकणे सहज शक्य असते. अशा वेळी वैमानिकासाठी आणि चालकासाठी नियम वेगवेगळे आहेत. वैमानिक धावपट्टीवर नसेल तर त्याने जागीच थांबून टॉवरला कळवायचे असते. चालकाने मात्र शेवटची माहीत असलेली जागा सांगून, टॉवरने वेगळी सूचना दिली नसेल तर शक्य तितक्या लवकर धावपट्टी व टॅक्सीवेपासून सुरक्षित अंतरावर जायचे आणि मगच थांबायचे.