उपकेंद्रात नव्याने रुजू झालेल्या मुलीस

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

रक्तदाब मोजायला बायकांची रांग लागते, पण स्तनांच्या तपासणीला कोणी येत नाही, असे तू लिहिलेस. त्या रांगेपासूनच सुरुवात कर. वेगळे शिबिर घेऊन फलकावर कर्करोग असे ठळक लिहिले की आत जाणाऱ्या बाईविषयी गावात कुजबुज सुरू होते. त्यापेक्षा रक्तदाब पाहून झाल्यावर, तिशी ओलांडलेल्या बाईला दार लावून, पडदा ओढून, हळू आवाजात विचार. ती ‘मला काही दुखत नाही, मग कशाला?’ म्हणेल. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही आणि म्हणूनच ती अंगावर काढली जाते, हे तिला न घाबरवता समजावून सांग.

सुनांच्या आधी सासवांना बोलाव, असे मी आग्रहाने सांगेन. घरातली मोठी बाई तपासून गेली की सुनेला परवानगी मागावी लागत नाही, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला, त्यांपैकी निम्म्यांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केली, आणि त्यांच्यातल्या पन्नाशी व त्यापुढच्या स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही. म्हणून तरुण बायकांना अवास्तव भरवसा देऊ नकोस. गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड किंवा त्यातून येणारे रक्त दिसताच पुढच्या तपासणीची वाट न पाहता ये, एवढे मात्र प्रत्येकीला बजाव.

खरी कसोटी मात्र गाठ हाताला लागल्यानंतरची आहे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे त्याच वेळी सांग, पण चिठ्ठी हातात देऊन मोकळी होऊ नकोस. जिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी, कोणत्या खोलीत जायचे ते आधी फोन करून विचार, सोबत आशाताईला पाठव, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका व आधार कार्ड घ्यायला सांग. मजुरी बुडेल म्हणून ती जाणे पुढे ढकलील. तेव्हा नवऱ्याशी तू स्वतः बोल. बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, अहवाल येईपर्यंत तिचे नाव नोंदवहीतून खोडू नकोस, आणि आठवडा उलटूनही ती गेली नसेल तर तिच्या घरी जा.

तुझी,
ताई